पदर उलटून पाहणारे

येवल्यात पैठणी घ्यायला गेलेली जाणती बाई साडी हातात आली की आधी पदर उलटा करते. मोर कसा उतरलाय, काठ नारळी की मुनियाचा, रंग उजेडात कसा दिसतो, हे सगळं नंतर. आधी मागची बाजू. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरची नक्षी रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्यांनी ताण्यात गुंतवत भरलेली असते. धागा मागे लोंबत नाही, कातरावा लागत नाही, म्हणून मोर पुढून दिसतो तसाच मागूनही दिसतो. सेमी पैठणीत मागे धाग्यांच्या रेघा ओढलेल्या असतात, नाहीतर कापलेली टोकं बोटांना लागतात. मला हे आईने शिकवलं, आईला तिच्या सासूने.

गेल्या दिवाळीनंतर येवल्यात एका विणकराच्या घरी बसले होते. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. घरातल्या मुलीने मोबाइलवर मुंबईच्या एका फॅशन शोचं चित्रीकरण लावलं. पैठणीचा पदर खांद्यावरून मागे सोडून एक मॉडेल चालत आली, वळली, गेली. काकांनी धोटा खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुलीला चित्र थांबवायला लावलं. थांबवल्यावर पदर धूसर झाला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, मग फोन परत देत म्हणाले, यातून काही कळत नाही, हातात यायला पाहिजे.

त्यांचं ते वाक्य घेऊन मी नाशिकला परतले आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. कपडे मिरवून दाखवायचा कार्यक्रम शतकभराहून जुना आहे. त्यात काय दाखवलं गेलं यावर भरपूर लिहिलं गेलंय. समोर कोण बसलं होतं, ते का आले होते आणि कापडाला त्यांचा हात लागत होता का, याकडे फारसं कुणी पाहत नाही. मला तर वाटतं की कापडाचं पुढे काय होतं हे समोरची माणसंच ठरवतात. म्हणून हा आढावा त्यांचा, आणि होईल तितका आमच्या गावाकडून.

आपल्याकडे रॅम्प यायच्या कितीतरी आधी कपडा मिरवायच्या जागा होत्या. लग्न, मुंज, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, मंगळागौर. तिथे बघणारी आणि नेसणारी एकच. आज मी तुझा शालू पाहिला, उद्या तू माझा पाहशील. बघणं डोळ्यांचं आणि हाताचं, दोन्ही. "बघू गं," म्हणत काठ चिमटीत धरायचा, तलम आहे की जाड ते अंगठ्याला कळायचं, आणि मागोमाग किंमत विचारली जायची. या प्रेक्षकांत पुरुष जवळपास नव्हतेच. पण पारख अशी की दुकानदाराने घाबरावं.

मोठ्या समुदायासमोर, तिकीट लावून, उजेडाच्या झोतात वस्त्र दाखवणं मराठी माणसाने पहिल्यांदा अनुभवलं ते संगीत नाटकात. नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती आणि त्याच्या निरोपासाठी तो ठेवला होता. प्रेक्षकांत अनंत कान्हेरे होते. त्यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्रीची आठवण हुतात्म्याची आहे आणि तिथेच ती राहावी. मी इथे तिचा उल्लेख करते तो एवढ्यासाठी, की गोदाकाठच्या आमच्या गावात तेव्हा थिएटर होतं, नामांकित कंपनी इथे मुक्कामाला येत होती आणि त्या कंपनीत बालगंधर्व होते.

बालगंधर्वांनी १९१३ साली सहकाऱ्यांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली आणि रंगभूमीवरच्या स्त्रीवेषाला वेगळंच वैभव आलं. खरे भरजरी शालू, खरे शेले, बारकाईने निवडलेले दागिने. कंपनी कर्जात गेली तरी वस्त्रात तडजोड नाही. आणि प्रेक्षागृहात बायका येऊ लागल्या. त्यांची बसायची जागा वेगळी असायची, नजर मात्र रंगमंचावरच्या रुक्मिणीच्या पदरावर. पदर कसा घेतला, वेणी कशी माळली, नथ कुठली, हे पाहून घरी जायचं आणि पुढच्या सणाला तसंच करायचं. एका पुरुषाने नेसलेली साडी पाहून महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांनी नेसण्याची ढब बदलली. माझ्या मते मराठी मुलखातला पहिला फॅशन शो हाच, आणि त्याच्या इतका परिणामकारक दुसरा झाला नाही. कारण समोर बसलेली प्रत्येक बाई उद्या तेच नेसणार होती. 'एकच प्याला'त सिंधू ठिगळं लावलेल्या लुगड्यात आली तेव्हा त्याच बायका रडल्या. कापड वाचता येणाऱ्या प्रेक्षकालाच ठिगळ पाहून रडू येतं.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि पुढे नाशिकलाच स्टुडिओ थाटून चित्रपट काढले. सिनेमाने प्रेक्षक हजारपटीने वाढवला आणि वस्त्राचा रंग काढून घेतला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर राघू रंगही करडा आणि डाळिंबीही करडाच. १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं, चित्रांची मुखपृष्ठं घरोघर पोचली. याच दरम्यान शहरातल्या सुशिक्षित घरांत काष्टा सुटून गोल पातळ आलं. त्यामागे शाळा, नोकरी, प्रवास अशी पुष्कळ कारणं आहेत. पण पडद्यावरच्या आणि मासिकातल्या बाईकडे बघणाऱ्या डोळ्यांचाही त्यात वाटा आहे.

पॅरिसकडे जरा वळते, फार वेळ घेणार नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने तिथे १८५८ मध्ये दुकान काढलं आणि कपडे निर्जीव पुतळ्याऐवजी चालत्याबोलत्या मुलींच्या अंगावर दाखवायला सुरुवात केली. समोर बसायच्या त्या विकत घेणाऱ्या श्रीमंत बायका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लेडी डफ गॉर्डन यांनी निमंत्रणं पाठवून, संगीत लावून त्याचा सोहळा केला. पुढे अमेरिकेतले दुकानदार आणि पत्रकार येऊ लागले आणि भीती सुरू झाली ती नकलेची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये शो चालू असताना चित्र काढायला मनाई होती, छायाचित्रं ठरलेल्या तारखेपर्यंत छापता येत नसत, आणि परदेशी व्यापाऱ्यांना आत शिरण्यासाठी अनामत भरावी लागे. प्रेक्षक गिऱ्हाईक आहे की चोर, हा प्रश्न तिथे तेव्हाच उभा राहिला. येवल्यात तो आज उभा आहे, त्याकडे मी येतेच.

मुंबईत फॅशन शो रुजला तो गिरण्यांच्या पैशावर. पन्नास-साठच्या दशकांत शो म्हणजे मोठ्या हॉटेलातला दिवाणखाना, कुठल्याशा चांगल्या कामासाठी मदतनिधी, आणि समोर पारशी, गुजराती, इंग्रजी बोलणारा उच्चभ्रू वर्ग. जिनी नौरोजी यांनी त्या काळात मुलींना चालायला शिकवलं, कार्यक्रमाला शिस्त लावली. १९६२ मध्ये दिऑरचे मार्क बोआँ आपले कपडे घेऊन मुंबईत आणि दिल्लीत आले. पाहणारे मोजके होते. गिरणगावातल्या खोलीत बारा-बारा माणसं पाळीपाळीने झोपत होती आणि त्यांनी विणलेलं कापड तीन-चार मैलांवर झुंबराखाली मिरवलं जात होतं. पण त्या मिरवण्याचं निमंत्रण गिरणगावात जात नव्हतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरण्यांना आणि विमलसारख्या नव्या कंपन्यांना कळलं की खरं गिऱ्हाईक झुंबराखाली नाही, ते जिल्ह्याच्या गावी आहे. मग शो गावोगाव आले. नाशिकला मी कॉलेजात असताना असाच एक पाहिला. मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानदाराने गिरणीच्या मदतीने एका सभागृहात ठेवलेला. पहिल्या दोन रांगा व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या, तिसरी-चौथी सरकारी अधिकाऱ्यांच्या बायकांची, आणि मागे फुकट पासवर आलेल्या आम्ही मुली. मुंबईहून आलेल्या चार-पाच जणी टेपवरच्या गाण्यावर चालत आल्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा व्यापारी मुलींकडे न बघता मान वाकडी करून साडीच्या घोळाकडे बघत होते. घोळ पडतो कसा यावरून त्यांना सूत कळत होतं. कार्यक्रम संपला, दिवे लागले आणि त्याच साड्या लांब टेबलांवर आणून टाकल्या. सगळं सभागृह तिकडे धावलं. आमची आई, शेजारच्या काकू, सगळ्यांचे हात कापडात. कुणी चुरगळून बघत होतं, कुणी उजेडात धरून. मला त्या संध्याकाळचा रॅम्प अंधूक आठवतो, टेबलं मात्र लख्ख आठवतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. गिरणीच्या शोंची सद्दी संपायला इतरही कारणं होती, सुरतेचं स्वस्त कापड, यंत्रमाग. पण कापड विणणारा आणि कापड दाखवणारा एकाच मालकाच्या छपराखाली असायचे, ती व्यवस्था तेव्हा मोडली. १९८७ मध्ये मुंबईत 'आँसाम्ब्ल' सुरू झालं, डिझायनरच्या नावाने कपडा विकणारं दुकान. गिरणीचं नाव मागे पडलं आणि माणसाचं नाव पुढे आलं. तसा प्रेक्षकही बदलला. तो आता सूत बघायला येत नव्हता, नाव बघायला येत होता.

नव्वदच्या दशकाबद्दल लिहायला बसलं तर पानं पुरणार नाहीत, पण माझ्या विषयापुरतं त्यात एकच महत्त्वाचं घडलं. केबल आली आणि शो घरात शिरला. १९९२ मध्ये मधु सप्रे मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आली तेव्हा आमच्या वाड्यात अभिमान होता, कारण मुलगी मराठी होती, मैदानावर धावून तयार झालेली होती. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या आणि सौंदर्यस्पर्धा हा घरी बसून बघायचा कार्यक्रम झाला. १९९६ मध्ये बंगळुरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा सभागृहाबाहेर निदर्शनं झाली. निदर्शकही प्रेक्षकच होते असं मी मानते. न आवडलेलं पाहून उठून बोलणारा प्रेक्षक.

२००० च्या ऑगस्टमध्ये दिल्लीला पहिला भारतीय फॅशन वीक भरला. फॅशन डिझाइन कौन्सिल आणि लॅक्मे यांनी मिळून भरवलेला. कल्पना अशी, की प्रेक्षक म्हणजे घाऊक खरेदीदार. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि २००६ पासून मुंबईचा लॅक्मे फॅशन वीक स्वतंत्रपणे भरू लागला. त्याच वर्षी रॅम्पवर एका मॉडेलचा पोशाख निसटला. सभागृहात काही शे माणसं असतील. दूरचित्रवाणीने ते दृश्य दिवसभर दाखवलं, विधिमंडळात विषय निघाला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी चौकशीचे आदेश दिले. त्या मुलीने न डगमगता पोशाख सावरला आणि चाल पूर्ण केली होती. ते धैर्य कुणी फारसं बोलून दाखवलं नाही. ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं असे लाखो प्रेक्षक त्या दिवशी झाले, आणि त्यांना कपड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पण त्याच दूरचित्रवाणीने आपल्या मुलखात दुसरंही काही केलं, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं. आदेश बांदेकर घरी यायचे, वहिनींशी गप्पा मारायचे, खेळ घ्यायचे आणि जिंकलेल्या वहिनींना पैठणी द्यायचे. चाळीत, बंगल्यात, वाडीत, कुठेही. त्या बाईने आयुष्यात कधी पैठणी नेसली नसेल. ती खांद्यावर पडली की तिच्या डोळ्यांत येणारं पाणी सगळा महाराष्ट्र बघायचा. रॅम्पवर बाई वस्त्रासाठी असते, इथे वस्त्र बाईसाठी आलं. आणि प्रेक्षक कोण, तर शेजारपाजारच्या बायका, सासूबाई, दारातून डोकावणारी मुलं, आणि पडद्यासमोरचे आपण सगळे. २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' झालं तेव्हा अकरा लाखांची पैठणी बक्षीस होती आणि ती येवल्यात विणली होती. त्याच वर्षी 'गोष्ट एका पैठणीची' या चित्रपटाला मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. त्यातली सायली संजीव आमच्या नाशिकची, म्हणून थिएटरात गर्दीही घरचीच होती.

या सगळ्यामुळे पैठणी माहीत नाही असं घर उरलं नाही. मागणी वाढली, येवल्यात दुकानं वाढली, तरुण पोरं पुन्हा मागावर बसली. आणि त्याच मागणीच्या पाठीवर बसून सेमी पैठणी आली. अकरा लाखांची साडी ज्यांनी पडद्यावर पाहिली त्यांना तशीच दिसणारी अडीच-तीन हजारांत मिळू लागली. सेमी पैठणी नेसणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. ऐपतीप्रमाणे हौस करावी. राग येतो तो सेमीला अस्सल म्हणून विकणाऱ्याचा. आणि तो फसवू शकतो, कारण पैठणी पाहिलेली माणसं वाढली, पैठणी उलटून पाहिलेली माणसं त्या मानाने वाढली नाहीत.

सध्या नाशिकमध्ये फॅशन शोची कमी नाही. लॉन्सवर, मॉलमध्ये, सोसायटीच्या नवरात्रात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, वर्तमानपत्रांच्या महिला व्यासपीठांवर. विवाहित महिलांच्या स्पर्धा तर महिन्याला एखादी असते. अशा एका स्पर्धेत काही वर्षांपूर्वी मी परीक्षक होते. प्रवेशशुल्क स्पर्धकांनीच भरलेलं. गुणपत्रिकेत रकाने होते चाल, आत्मविश्वास, हास्य, प्रश्नोत्तरं यांचे. पारंपरिक वेशभूषेची फेरी असूनही वस्त्रासाठी रकाना नव्हता. मी आयोजकांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, साड्या भाड्याच्या आहेत, त्यांना काय गुण द्यायचे. मी खाली बघितलं. चोवीस जणींपैकी अर्ध्याहून जास्त जणींच्या अंगावर एकाच साच्यातला मोर होता.

मला त्या संध्याकाळी वाईट वाटलं, पण त्याच संध्याकाळी दुसरंही काही पाहिलं आणि ते न सांगणं अन्याय होईल. सिडकोतल्या एका स्पर्धक बाईंचं नाव पुकारलं तेव्हा तिसऱ्या रांगेत तिच्या सासूबाई उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सावरत, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागल्या. शेजारी नवरा मोबाइल धरून, मुलगा खुर्चीवर चढलेला. शंभर वर्षांपूर्वी याच गावात बायकांनी नाटक बघायला वेगळ्या जागी बसायचं होतं. आता सून मंचावर आणि सासू टाळ्यांना. हा प्रेक्षक कापडासाठी आलेला नाही, आपल्या माणसासाठी आलाय, आणि त्याची माया मी कमी लेखत नाही. फक्त गुणपत्रिकेत एक रकाना वाढवा, एवढंच आयोजकांना सांगणं आहे. साडी कुठली, कुणी विणली, काय माहीत आहे तिच्याबद्दल, हे स्पर्धकाला विचारा. ती विचारपूस करायला येवल्यापर्यंत जाईल.

आता फोन. १९८४ मध्ये थिएरी म्युग्लेरने पॅरिसच्या झेनिथमध्ये तिकिटं विकून हजारो लोकांसमोर शो केला, तेव्हा ते नवल वाटलं होतं. २००९ मध्ये अलेक्झांडर मॅक्क्वीनचा शो इंटरनेटवर थेट दाखवला आणि बघणाऱ्यांच्या गर्दीने संकेतस्थळ बंद पडलं. त्याच सुमारास पहिल्या रांगेत संपादकांच्या शेजारी ब्लॉग लिहिणारी पोरं बसू लागली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, कोविडच्या काळात, लॅक्मे फॅशन वीक प्रेक्षकांविना फक्त पडद्यावर झाला. रिकाम्या खुर्च्यांसमोर शो होऊ शकतो, हे तेव्हा सिद्ध झालं. २०२३ च्या ३० मार्चला दिऑर पुन्हा मुंबईत आला, गेटवे ऑफ इंडियासमोर. चाणक्य या मुंबईच्या संस्थेच्या कारागिरांचं भरतकाम त्याच्या केंद्रस्थानी होतं, आणि प्रवेशालाच हाताने भरलेलं भलंमोठं तोरण. १९६२ मध्ये मोजक्यांनी पाहिलेलं आता जगभर त्याच क्षणी दिसलं. कारागिराचं नाव एवढ्या मोठ्याने घेतलं गेलं याचा मला आनंद आहे.

पण फोनच्या प्रेक्षकाचं दुसरं अंग येवल्यात दिसतं. पॅरिसवाल्यांना ज्याची भीती होती ते इथे रोज होतं. एखाद्या विणकराने नवा पदर काढला, रंगांची नवी जोड बसवली, एक फोटो बाहेर गेला, की थोड्याच दिवसांत तो यंत्रमागावर उतरतो. साध्या पदराला महिना-दोन महिने, भरगच्च कामाला वर्षसुद्धा लागतं. फोटोला काही क्षण. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते मोबाइलच्या कॅमेऱ्याला थांबवू शकत नाही. काही विणकर आता नवं काम फोटोत अर्धंच दाखवतात, पदर दुमडून.

आणि तरीही याच फोनने एक जुनी गोष्ट परत आणली आहे. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक येईना तेव्हा येवल्यातल्या घरांनी व्हॉट्सअॅपवर साड्या दाखवायला सुरुवात केली. मागावर बसलेल्या माणसासमोर थेट गिऱ्हाईक. मी ज्या घरी बसले होते तिथे दुपारी असाच एक व्हिडिओ कॉल आला, पुण्याच्या एका बाईंचा. मुलीने साडी उलगडली, पदर पसरला. बाईंनी रंग विचारला नाही, किंमतही विचारली नाही. म्हणाल्या, जरा मागची बाजू दाखवा. काकांनी मागावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसले.

सगळा प्रवास पाहिला तर एक खुर्ची मला सुरुवातीपासून आजपर्यंत रिकामीच दिसते. झुंबराखाली गिरणीकामगार नव्हता. मेन रोडवरच्या त्या दुकानदाराच्या शोला विणकर नव्हता. गेल्या दशकात लॅक्मे फॅशन वीक लोअर परळच्या ज्या पंचतारांकित हॉटेलात भरत असे, ते फिनिक्स मिलच्या जागेवर उभं आहे. जिथे साचे चालायचे तिथे रॅम्प झाला. हल्ली चांगले डिझायनर शेवटी विणकराला हाताला धरून मंचावर आणतात, टाळ्या होतात. ते योग्यच आहे. पण तो क्षण संपला की त्याला आतल्या बाजूने परत नेतात. त्याला दाखवलं जातं. त्याला पाहायला बसवत नाहीत. आणि त्या सभागृहात पदर कसा पडतोय, जर खरी का, मोराच्या मानेत कुठे चूक राहिली, हे कळणारा तो कदाचित एकटाच असतो.

नाशिकमध्ये वस्त्रांचा कार्यक्रम ठेवणाऱ्या प्रत्येकाला, मग ते मंडळ असो, कॉलेज असो की दुकान, माझी एक विनंती आहे. पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या विणकरांसाठी ठेवा. दोन काकांसाठी, दोन काकूंसाठी, कारण कांड्या भरण्यापासून रंग लावण्यापर्यंतचं निम्मं काम घरातल्या बायका करतात आणि त्यांना तर कुणीच बोलवत नाही. कार्यक्रम संपल्यावर साड्या आत नेऊ नका, टेबलावर आणा, लोकांना हात लावू द्या, आणि त्या चौघांपैकी कुणालातरी पदर उलटून दाखवायला सांगा. येवला नाशिकपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला दुपारची एसटी पुरते.